बायकांच्या डोक्यातले ‘विषयांतर’

सप्टेंबर 2023 मध्ये समाजमाध्यमांवर एका प्रश्नाने धुमाकूळ घातला होता. तुमच्या नवऱ्याला, भावाला, मित्राला विचारा : तुझ्या मनात रोमन साम्राज्याचा विचार किती वेळा येतो? सुरुवात स्वीडनमधल्या एका इन्स्टाग्राम खात्यावरून झाली, टिकटॉकने तो प्रश्न जगभर नेला. आपल्याकडे टिकटॉकवर 2020 पासून बंदी आहे, तरी रील्समधून तो आपल्या पोरांच्या मोबाइलपर्यंत पोहोचला. आणि गंमत अशी की कित्येक पुरुषांनी गंभीर चेहऱ्याने उत्तर दिले, आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. काहींनी सांगितले, रोज. रोमचे रस्ते, रोमची फौज, रोमचे पूल.

मग प्रश्न उलटला. बायकांचे ‘रोमन साम्राज्य’ कोणते? म्हणजे कामाशी, घराशी, चालू गप्पांशी काहीही संबंध नसताना बायकांच्या मनात पुन्हा पुन्हा काय येते? उत्तरे आली : बुडालेली टायटॅनिक, मारली गेलेली झारची मुलगी अनास्तासिया, राजकन्या डायना, रात्री एकटीने चालताना मागून येणारी पावले. लोक हसले. पुरुषाच्या डोक्यात साम्राज्य, बाईच्या डोक्यात काहीबाही, असा त्या हसण्याचा अर्थ होता.

हे हसणे आपल्याकडे नवीन नाही. आपल्या बैठकीत एखादी बाई उठून बोलते तेव्हा अध्यक्षस्थानावरून एक शब्द हमखास येतो : ‘ताई, विषयांतर नको.’ माझे म्हणणे सरळ आहे. बायकांच्या डोक्यात वारंवार येणारे, वरवर एकमेकांशी संबंध नसलेले विषय हा समाजात कोणाच्या अंगावर काय पडले आहे याचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज असतो. आपली चळवळ तो दस्तऐवज दर बैठकीत कचऱ्यात टाकते.

बाबासाहेबांचे रोम

आधी रोमचेच बघू. रोमचा विचार बाबासाहेबांनीही केला होता, पण कशासाठी? 1936 च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ते रोममधल्या प्लेबियन लोकांचे उदाहरण देतात. प्लेबियन म्हणजे सामान्य जनता, पॅट्रिशियन म्हणजे उच्चकुलीन. प्लेबियनांनी झगडून आपला स्वतंत्र कॉन्सल निवडण्याचा हक्क मिळवला. पण डेल्फीच्या देवतेने कौल दिल्याशिवाय कोणालाही अधिकारपद घेता येत नाही, ही श्रद्धा प्लेबियनांचीही होती. आणि देवतेचे पुजारी होते पॅट्रिशियन. परिणाम असा झाला की प्लेबियनांचा खरा, ताठ कण्याचा माणूस निवडून आला की देवता त्याला नाकारायची आणि पॅट्रिशियनांना चालेल असा मवाळ माणूसच टिकायचा. हक्क कागदावर मिळाला, पण श्रद्धेने तो खाऊन टाकला. भारतातल्या राजकीय हक्कांआधी धार्मिक-सामाजिक क्रांती का लागते, हे बाबासाहेबांनी या उदाहरणातून समजावले.

बाबासाहेबांना रोमचे वैभव नको होते. तिथे कोण दबले होते आणि कशामुळे दबून राहिले, हे त्यांना बघायचे होते. विषय तोच, पण बघणाऱ्याची जागा बदलली की प्रश्न बदलतो. हे लक्षात ठेवून पुढे वाचा.

चिठ्ठ्यांवर काय आले

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात आम्ही हाच प्रश्न घेतला. विशीतल्या मुलींपासून पन्नाशीच्या बायकांपर्यंत वीस-बावीस जणी होत्या. सांगितले, नाव लिहू नका. काम करताना, प्रवासात, झोपण्याआधी, काही कारण नसताना जो विषय मनात येतो तो लिहा. ‘मुलांचे शिक्षण’ आणि ‘महागाई’ सोडून लिहा, कारण ती उत्तरे आपल्याला पाठ आहेत.

आधी हशा झाला. मग चिठ्ठ्या आल्या. काही अशा होत्या :

‘मोहेंजोदडोची गटारे कोण साफ करत होते?’

‘रमाईची इंदू जगली असती तर कशी दिसली असती.’

‘जिथे जायचे तिथे संडास असेल का.’

‘खैरलांजी. प्रियंकाचे.’

‘ऑक्टोपसला तीन हृदये असतात. उगाच आठवते.’

कोणी म्हणेल, यात कसला संबंध? गटार, इंदू, संडास, खैरलांजी, ऑक्टोपस. बैठकीच्या भाषेत हे पाच वेळचे विषयांतर झाले. मी एकेक चिठ्ठी उलगडून दाखवते.

गटार

सिंधू संस्कृतीचा धडा आपण सगळे शिकलो. आखीव रस्ते, पक्क्या विटांची घरे, झाकलेली गटारे. परीक्षेत पाच गुणांचा प्रश्न. ‘गटारे साफ करण्यासाठी झाकणे काढता येत असत’ असेही आपण लिहिले आहे. पण ती झाकणे काढून आत कोण उतरत होते, असा प्रश्न ना पुस्तकात होता ना कोणा गुरुजींनी विचारला. तो विचारला त्या बाईने, जिच्या माहेरी दोन पिढ्या नगरपालिकेच्या सफाईत गेल्या. हे तिने नंतर स्वतःच सांगितले. ती म्हणाली, ‘शाळेत होते तेव्हापासून डोक्यात आहे, पण विचारायची लाज वाटायची. विचारले असते तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितले असते.’

सिंधू संस्कृतीची लिपी अजून वाचली गेलेली नाही, त्यामुळे तिथले उत्तर मिळत नाही. रोमचे मिळते. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला प्लिनी नावाचा प्रांताधिकारी सम्राट ट्राजनला विचारतो की शिक्षा झालेले जुने कैदी परस्पर दुसऱ्या कामांना लागले आहेत, त्यांचे काय करू? सम्राट उत्तर देतो की जे फार म्हातारे झाले आहेत त्यांना शिक्षेच्या जवळपास जाणारी कामे द्या, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहे, गटारांची सफाई, रस्त्यांची कामे. म्हणजे ज्या रोमच्या गटारांचे कौतुक होते, तिथे गटारात उतरणे ही गुन्हेगाराची शिक्षा होती. आपल्याकडे त्यासाठी गुन्हा लागला नाही, जन्म पुरला. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी आणणारा नवा कायदा 2013 मध्ये आला. तरी ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला गटारात मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाची भरपाई 30 लाखांवर न्यावी लागली, म्हणजे माणसे मरत होतीच. योगायोग बघा. ज्या शरद ऋतूत जगभरचे पुरुष रोमच्या वैभवाची आठवण काढत होते, त्याच दिवसांत हा निकाल आला.

एका बाईच्या डोक्यात शाळेपासून घोळणाऱ्या ‘फालतू’ प्रश्नात इतिहासलेखनाची एक पूर्ण पद्धत दडली आहे. ती तिला कोणत्याही विद्यापीठाने शिकवली नाही.

इंदू

बाबासाहेब आणि रमाईंना पाच अपत्ये झाली : यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. यशवंत सोडून चारही लहानपणीच गेली. राजरत्न 1926 मध्ये गेला. 27 मे 1935 ला रमाई गेल्या. आपण जयंतीला रमाईंच्या त्यागाची गाणी लावतो, शेणाच्या गोवऱ्यांचा उल्लेख करतो आणि पुढच्या गाण्याकडे जातो. चार लेकरे पुरलेल्या बाईच्या मनात दिवसभर काय चालत असेल, हा प्रश्न आपल्या एकाही भाषणात येत नाही. तो एका चिठ्ठीत आला.

आता हे बघा. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाची पगारी विश्रांती देणारे विधेयक आले. बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा काही भार सरकारने उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. 1929 मध्ये कायदा झाला. 1938 मध्ये संततिनियमनाला सरकारने साधने पुरवावीत, असा ठराव त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या विधानसभेत मांडला. तो फेटाळला गेला. त्या सभागृहातल्या बहुतेकांना बाळंतपण हा राजकारणाचा विषय वाटतच नव्हता. त्यांच्या दृष्टीने तेही विषयांतरच होते.

बाबासाहेबांनी बाळंतपण, दूध, विश्रांती आणि मूल हवे की नको हे ठरवण्याचा बाईचा अधिकार कायद्याच्या भाषेत नेला. इंदूच्या चेहऱ्याची कल्पना करणारी ती बाई त्याच रस्त्यावर उभी आहे. फरक इतकाच, की तिला तिथून पुढे नेणारे कोणी भेटलेले नाही.

संडास

ही चिठ्ठी सगळ्यात लहान होती आणि ती वाचल्यावर सगळ्यात जास्त माना हलल्या. मोर्चा, धम्म परिषद, 6 डिसेंबर, 14 ऑक्टोबर. पुरुष निघताना झेंडा घेतो. बाई निघताना हिशेब करते : किती वाजता निघायचे, वाटेत गाडी थांबेल का, किती पाणी प्यायचे, पाळीची तारीख कोणती. कित्येक बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. उन्हात घोषणा देऊन चक्कर येते आणि आपण म्हणतो, ‘बायकांना झेपत नाही.’

मुंबईत 2011 च्या सुमारास ‘राइट टू पी’ मोहीम सुरू झाली ती याच विचारातून. सार्वजनिक मुताऱ्या पुरुषांना फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, ही गोष्ट शहरातली प्रत्येक बाई रोज अनुभवत होती. तो प्रश्न इतका ‘क्षुल्लक’ होता की महानगराच्या कोणत्याही मोठ्या पक्षाच्या तो गावी नव्हता. वस्त्यांमधल्या बायांनी मोजणी केली, संडासांची यादी केली, पालिकेच्या दारात जाऊन बसल्या. डोक्यातला विचार कागदावर आला आणि कागदाची मागणी झाली. चळवळ याहून वेगळी काय असते?

खैरलांजी

29 सप्टेंबर 2006, भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका. सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन भोतमांगे. त्या रात्रीचे वर्णन मी इथे करणार नाही, ते पुष्कळ झाले आहे. सुरेखाताईंनी जमीन सांभाळली, पोरांना शिकवले, मारहाणीच्या प्रकरणात साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. त्या वाकल्या नाहीत, हा त्यांचा गुन्हा. पुढे न्यायालयात आरोपींना शिक्षा झाली, पण अॅट्रॉसिटी कायदा लागला नाही आणि लैंगिक अत्याचारही धरला गेला नाही. 2010 मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली आणि हे प्रकरण जातीचे नसून सूडाचे असल्याचे म्हटले. भैयालाल भोतमांगे 2017 मध्ये गेले.

ती चिठ्ठी लिहिणारी मुलगी खैरलांजी घडली तेव्हा अंगणवाडीत असेल. तरीही नवे घर बघायला जाताना, शेतातून एकटी येताना, शिकवणीवरून सायकलने परतताना प्रियंकाचे नाव तिच्या मनात येते. हा विचार तिने निवडलेला नाही. पुरुष कार्यकर्त्यासाठी खैरलांजी म्हणजे एक तारीख, एक मोर्चा, एक खटला. मुलीसाठी ते अंगात बसलेले भान आहे, जे तिला सांगते की तुझे शिकणे, तुझे ताठ चालणे गावातल्या कोणाला तरी खुपते आहे. सवर्ण मुलीलाही रात्री मागून येणाऱ्या पावलांची भीती असते, ते खरेच आहे. पण आपल्या मुलीला पावलांबरोबर गाव दिसते, पंचनामा दिसतो, ‘हे जातीचे नाही’ असे म्हणणारे न्यायालय दिसते. म्हणून ‘बायकांच्या मनातले’ असा एकच ढीग करता येत नाही. 1995 मध्ये गोपाळ गुरू यांनी दलित स्त्रिया वेगळे का बोलतात याची मांडणी केली, पुढे शर्मिला रेगे यांनी त्यावर वाद घालत ती पुढे नेली. मी त्यात एवढेच जोडते की दलित स्त्री वेगळे बोलते त्याच्याही आधी ती वेगळे आठवते.

चौदा वर्षांची मुक्ता

या पद्धतीने विचार करणाऱ्यांत आपली पूर्वज कोण, हेही सांगते. 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, वय 14, सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतली विद्यार्थिनी. तिचा विषय होता धर्म, जात, पेशवाईतला जुलूम. आणि एवढ्या मोठ्या विषयाच्या मधोमध ती आपल्या बायांची बाळंतपणे काढते. डोक्यावर छप्पर नसताना थंडीपावसात बाई बाळंत होते तेव्हा तिला काय सोसावे लागते, हे ती लिहिते.

निबंध तपासणारा कोणी ‘शिस्तीचा’ माणूस असता तर त्याने समासात लाल शाईने ‘विषयांतर’ लिहिले असते. धर्माची चर्चा चालू असताना बाळंतपण कुठून आले? पण मुक्ताच्या निबंधाचा प्राण तिथेच आहे. कोणता धर्म आपला, या प्रश्नाचे माप तिने पोथीतून न काढता बाळंतिणीच्या अंगावरून काढले.

20 जुलै 1942 ला नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या. देशात ‘चले जाव’चे वारे वाहत होते, जगात महायुद्ध पेटले होते. या बायांनी ठराव कशाचे केले? घटस्फोटाचा हक्क, एकापेक्षा जास्त बायका करण्याला बंदी, गिरणी-विडी कारखान्यातल्या आणि सफाई कामातल्या बायांना रजा, दुखापतीची भरपाई, निवृत्तिवेतन, मुलींसाठी वसतिगृहे, कायदेमंडळात राखीव जागा. गिरण्यांमध्ये बायांवर देखरेखीला बाईच नेमावी, असाही ठराव होता. तो कुठून आला असेल, हे कोणत्याही कामकरी बाईला सांगावे लागणार नाही. मुकादमाची नजर दिवसभर अंगावर असते आणि तिचा विचार रात्रीही डोक्यातून जात नाही. 1942 मध्ये तो विचार ठरावाच्या कागदावर आला. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की समाजाची प्रगती ते त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. हे वाक्य आपण प्रत्येक बॅनरवर छापतो. त्या बॅनरखाली बसलेल्या बाईला बोलू देत नाही.

उसाच्या फडातली तारीख

कोणी म्हणेल, हे सगळे जुने झाले. तर आजचे उदाहरण घ्या. बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कामाला दांडी झाली की खाडा आणि खाड्याचा दंड. त्या फडात वाकलेली बाई मनात तारखा मोजत असते : पाळी कधी येईल, किती दिवस जाईल, किती खाडे पडतील. साखरेच्या राजकारणावर महाराष्ट्रात ढीगभर पुस्तके आहेत. त्यात एफआरपी आहे, कारखान्यांच्या निवडणुका आहेत, सहकारसम्राट आहेत. या तारखा नाहीत.

2019 मध्ये हा विषय बाहेर आला तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले होते. दर सहा जणींमागे एक. त्यात दलित, भटक्या-विमुक्त, इतर मागास जातींतल्या बाया, पुष्कळ जणी ऐन तिशीतल्या. इतकी वर्षे हजारो बायांच्या डोक्यात एकच गणित चालू होते आणि ते ऐकायला ना कारखाना होता, ना युनियन, ना आपण. त्यांनी ते गणित शेवटी शस्त्रक्रियेच्या टेबलावर सोडवले. बायकांच्या मनातल्या ‘असंबद्ध’ विषयाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत किती असू शकते, हे त्या आकड्यात लिहिलेले आहे.

ऑक्टोपसचे काय?

शेवटची चिठ्ठी मी मुद्दाम मागे ठेवली. काही कार्यकर्ते इथपर्यंत वाचून म्हणतील, ‘ताई, मान्य. बायकांच्या विचारांमागे शोषण असते.’ पण थांबा. ऑक्टोपसच्या तीन हृदयांमागे शोषण नाही. ते खरेच आहे आणि मौजेचे आहे, बस. त्या मुलीला तो विचार करण्याचाही हक्क आहे.

2024 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरातले बिनपगारी काम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटे घालवते, तर पुरुष 88 मिनिटे. आणि ही फक्त हातांची मिनिटे आहेत. गॅस कधी संपेल, कोणाचा दाखला कधी काढायचा, सासूची गोळी, नळाची वेळ, हे डोक्यात धरून ठेवण्याचे काम कोणत्याही पाहणीत मोजले जात नाही. ते हात रिकामे असतानाही चालू असते. पुरुषाला रोम आठवते, कारण त्याच्या डोक्यात रोमसाठी जागा रिकामी ठेवलेली असते. ती जागा कोणीतरी दुसऱ्याने रिकामी करून दिलेली असते.

मनुस्मृतीने बाईला आणि शूद्राला ज्ञान नाकारले, हे आपण सांगतो. ज्ञान नाकारण्याचा सोपा उपाय पुस्तक हिसकावणे हा नसतो. बाईचे डोके इतके भरून टाका की पुस्तक समोर असूनही उघडता येऊ नये. आपल्या घरात मनुस्मृतीची प्रत नाही, 25 डिसेंबरला आपण तिचे दहनही करतो. पण कार्यकर्ता रात्री अकराला पाच जणांना घेऊन घरी येतो आणि ‘जरा चहा टाक’ म्हणतो, तेव्हा त्या घरात कोणाचा विचार तुटतो? तिच्याही हातात पुस्तक असेल. तिच्याही डोक्यात त्या क्षणी समुद्राच्या तळाशी एक तीन हृदयांचा प्राणी असेल.

समता म्हणजे फक्त दुःख बोलण्याची समान संधी नव्हे. निरर्थक कुतूहलाचाही समान वाटा हवा.

‘मग मूळ प्रश्न कधी घ्यायचे?’

हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. खासगीकरण चालू आहे, शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, आरक्षणाला सुरुंग लागतोय, संविधान धोक्यात आहे, आणि तुम्ही चिठ्ठ्या काय वाचता? भावांनो, शिष्यवृत्ती अडकली की पहिली कोणाची शाळा सुटते? सफाईचे काम ठेकेदाराकडे गेले की झाडूवर कोण उरते? खासगीकरण म्हणजे काय, हे त्या बाईला तुमच्याआधी कळलेले असते. तिने ते ‘खासगीकरण’ या शब्दात सांगितले नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य असतो : ‘आमच्या कार्यकारिणीत महिला प्रतिनिधी आहे की.’ आहे. पण कोणती? जी सर्वांना चालते ती. जी उठून संडासाचे विचारणार नाही, जी हिशेबाच्या वहीला हात लावणार नाही, जिचा नवरा आधीच पदाधिकारी आहे. बाबासाहेबांनी सांगितलेली डेल्फीची देवता आठवते का? निवडीचा हक्क प्लेबियनांचा, कौल पॅट्रिशियनांच्या देवतेचा. बायकांच्या बाबतीत आपल्या संघटनांनी तीच देवता मांडून ठेवली आहे आणि पुजारी आपणच झालो आहोत.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक शाखेने महिन्याला एक बैठक अशी घ्यावी जिची विषयपत्रिका फक्त बायकांच्या चिठ्ठ्यांतून ठरेल. नाव नको, विषयाला मर्यादा नको. इतिवृत्तात त्या चिठ्ठ्या जशाच्या तशा उतरवाव्यात, ‘महिलांचे प्रश्न’ असे गुंडाळून नाही. त्या वेळेत मुले आणि चहा पुरुष कार्यकर्त्यांनी सांभाळावेत. कार्यक्रमाचा परवाना काढताना मंडप आणि ध्वनिक्षेपकाच्या आधी बायकांच्या संडासाची सोय लिहावी. आणि वस्तीतल्या वाचनालयात मुलींसाठी रोज दोन तास असे असावेत की त्या वेळी त्यांना घरून कोणी हाक मारणार नाही. त्या दोन तासांत त्यांनी संविधान वाचावे की ऑक्टोपस, ते त्यांनाच ठरवू द्या.

वर्षभर हे करा. मग त्या इतिवृत्ताची वही उघडून बघा. तुमच्या तालुक्याचा जाहीरनामा त्यात लिहून तयार असेल, कोणत्याही नेत्याच्या भाषणापेक्षा नेमका. आणि पुढच्या बैठकीत एखादी बाई उठून गटाराचे, पाळीचे, कोणा मेलेल्या मुलीचे काही बोलू लागली, तर अध्यक्षांनी एवढेच म्हणावे : ‘बोला ताई, हाच विषय आहे.’

जय भीम!